पन्नास प्रश्न, १२० प्रशिक्षणार्थी: पूर्वायुष्यावरून पोलीस प्रशिक्षणातलं यश ओळखता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये मानसशास्त्रात एम.ए. चालू आहे, लघुप्रबंधासाठी पोलीस प्रशिक्षणार्थी घ्यायचे आहेत आणि परवानगी मिळाली तर एका सत्रातले साधारण १२० जण मिळतील. घर, शाळा, खेळ, कामधंदा, जबाबदाऱ्या यांवर पन्नास प्रश्नांची पत्रिका तयार आहे. उमेदवाराच्या पूर्वायुष्यावरून तो प्रशिक्षणात कसा निघेल हे आधी सांगता येईल का? आणि तसं दिसलं तर ‘भरतीतच ही पत्रिका लावा’ अशी शिफारस प्रबंधाच्या शेवटी करता येईल का?

पहिल्याचं उत्तर ‘थोडंफार, हो’. दुसऱ्याचं ‘नाही’, आणि एवढ्या माहितीवर तर मुळीच नाही. पण खरी अडचण या दोन्हींच्या आधीची आहे. पन्नास प्रश्न तयार आहेत आणि ‘यश’ म्हणजे काय याची एक ओळही तुमच्या मजकुरात नाही. क्रम उलटा झालाय. आधी निकाल कशावर मोजायचा ते ठरवा, मग माणूस त्या निकालापर्यंत कशामुळे पोचतो किंवा मध्येच का अडकतो याचा विचार करा. प्रश्न लिहायची पाळी त्यानंतर येते.

‘यशस्वी म्हणजे पास झालेला’ असं धरलंत तर काम तिथेच संपेल. मैदानी चाचणी, लेखी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी एवढ्या चाळण्यांतून आलेले बहुतेक जण मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करतातच. शंभरातले पंच्याण्णव एकाच रकान्यात बसत असतील तर त्यांच्यातला फरक कुठलीही पत्रिका दाखवू शकत नाही, कारण फरकच उरलेला नसतो. म्हणून निकाल तुकड्यांत मोडा. इनडोअर म्हणजे कायद्याचे आणि इतर लेखी पेपर. आउटडोअर म्हणजे कवायत, पी.टी., अडथळे, शस्त्र हाताळणी, गोळीबार. तिसरं वर्तन: गैरहजेरी, उशीर, नोंदवलेल्या शिक्षा. चौथं टिकून राहणं: सोडून गेला, दीर्घ आजारी रजेवर गेला, मागच्या तुकडीत टाकला. या चारांची कारणं वेगवेगळी असतात. सातपूरच्या कारखान्यात दोन वर्षं रात्रपाळी केलेला मुलगा हजेरीत पक्का असेल, पण कायद्याच्या पेपरला बसताना त्याची लिहिण्याची सवय मोडलेली असेल. चारही आकडे एकत्र करून ‘एकूण यश’ काढलंत तर हे दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतील आणि तुमच्या हाती शून्य येईल.

कोणत्या संस्थेतले प्रशिक्षणार्थी, हेही लिहिलेलं नाही. त्र्यंबक रोडच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत उपनिरीक्षक घडतात. त्यातले सरळसेवेचे, म्हणजे बढतीने नव्हे तर थेट भरतीने आलेले लोक पदवीधर असतात आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांच्या मागे वर्षानुवर्षं घालवून आलेले असतात. शिपाई वेगळ्या भरतीतून येतो, बारावीच्या पायावर, आणि त्याचं वय बरंच कमी असू शकतं. एका गटावर बसवलेली पत्रिका दुसऱ्यावर चालत नाही. पुढचं सगळं मी शिपाई प्रशिक्षणार्थी धरून लिहीत आहे.

गुणांबद्दल एक सावधगिरी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्यांनी जुन्या फौजदारी कायद्यांची जागा घेतली. त्याआधीच्या सत्रांचे कायद्याचे गुण आणि नंतरच्या सत्रांचे गुण शेजारी ठेवून तुलना करू नका. एकाच सत्रातही दोन तुकड्यांना वेगळे शिक्षक असतील तर हात सढळ-आखडता असतोच. उपाय सोपा आहे: प्रत्येकाचे गुण त्याच्याच तुकडीच्या सरासरीशी ताडायचे. तुकडीची सरासरी २९०, प्रमाण विचलन (गुण सरासरीच्या आसपास किती पसरलेत याचं माप) २०, आणि मुलाला ३१२ मिळाले, तर त्याचा आकडा अधिक १.१, म्हणजे सरासरीच्या वर विचलनाच्या १.१ पट. दुसऱ्या तुकडीत सरासरी ३१० आणि विचलन तेवढंच असेल, तर तेच ३१२ फक्त अधिक ०.१ होतात. कवायत निदेशकांचे शेरे घेणार असाल तर दोघांकडून, स्वतंत्रपणे, एकमेकांचे न दाखवता घ्या. ग्राउंडवर पुढे पळणारा मुलगा वर्गातही हुशार आणि स्वभावानेही चांगला वाटायला लागतो. हा मोह प्रत्येक निदेशकाला असतो.

आता या पद्धतीत मुळात दम किती, ते पाहू. ती नवी नाही. अमेरिकेत १८९४ मध्ये विमा एजंट निवडताना सगळ्यांना पूर्वायुष्याबद्दल तेच ठरावीक प्रश्न विचारावेत, अशी सूचना विमा कंपन्यांच्या एका बैठकीत झाली होती. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या लष्करी हवाई दलाने वैमानिक प्रशिक्षणासाठी अशा पत्रिका मोठ्या प्रमाणावर वापरल्या. त्या काळातला एक किस्सा या विषयाच्या वर्गात हमखास सांगितला जातो: ‘तुम्ही कधी उडणारं मॉडेल विमान बनवलं आहे का?’ हा एकटा प्रश्न चाचण्यांच्या अख्ख्या संचाच्या जवळपास तोडीचा निघाला म्हणे. किस्सा ऐकून लोक असा एक जादूचा प्रश्न शोधत बसतात. त्यातून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. मॉडेल विमान बनवणाऱ्या पोराला त्या विषयाची ओढ आधीपासून होती, हाताला सवय होती, आणि जमेपर्यंत तो त्याच्या मागे लागला होता. तीन कारणं एका प्रश्नात आली, म्हणून तो चालला.

संशोधनाचे आकडेही माफकच आहेत. १९९८ च्या एका मोठ्या आढाव्यात पूर्वायुष्याच्या पत्रिकांचा नोकरीतल्या कामगिरीशी सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळून चालतात याचं माप; ० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे तंतोतंत) ०.३५ आणि प्रशिक्षणातल्या यशाशी ०.३० दिला आहे. २०२२ मध्ये तेच आकडे नव्याने तपासले तेव्हा बुद्धिमापन चाचण्यांचा आकडा ०.५१ वरून ०.३१ वर घसरला आणि पूर्वायुष्याच्या पत्रिकांचा ०.३८ वर टिकला. म्हणजे साधन टाकाऊ नाही. पण ०.३५ म्हणजे व्यवहारात काय? पत्रिकेवर वरच्या निम्म्यात आलेल्या शंभरांपैकी साधारण एकसष्ट जण निकालातही वरच्या निम्म्यात येतात, एकोणचाळीस येत नाहीत. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. शंभरांत अकरांचा फायदा. हजारो उमेदवारांच्या निवडीत तो मोलाचा असतो, पण एका मुलाबद्दल ठामपणे बोलायला अगदी अपुरा.

पोलिसांपुरतं बोलायचं तर न्यूयॉर्कमध्ये १९५७ साली भरती झालेल्या पोलिसांचा दहा-अकरा वर्षं मागोवा घेणारा अभ्यास जुना असला तरी वाचण्यासारखा आहे. आधीच्या नोकरीत शिस्तीच्या तक्रारी असलेल्यांना पुढे खात्यातही तशीच अडचण येण्याकडे कल दिसला. आणि प्रशिक्षणातली व परिविक्षा काळातली (नोकरी पक्की होण्याआधीच्या काळातली) कामगिरी ही अर्जातल्या बहुतेक माहितीपेक्षा पुढचं अधिक सांगून गेली. तुमच्या विषयाला हे दुसरं निरीक्षण जास्त लागू आहे: प्रशिक्षण सुरू झाल्यावर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत जे दिसतं त्याच्यापुढे पत्रिका फिकी पडणार. तिचा उपयोग त्या आठवड्यांच्या आधी आहे, म्हणजे कुणाकडे लवकर लक्ष द्यायचं ते कळण्यापुरता.

प्रश्नांकडे येऊ. तुम्ही नमुन्यादाखल दिलेले तीन प्रश्न असे आहेत: ‘तुम्ही स्वतःला शिस्तप्रिय समजता का?’, ‘तुम्हाला खेळाची आवड आहे का?’, ‘वडिलांचा व्यवसाय काय?’ तिन्ही काढून टाका. पहिला स्वभावाचा प्रश्न आहे, आयुष्याचा नाही. पोलीस व्हायला आलेला कोण ‘नाही’ म्हणेल? तिसऱ्यात मुलाने काहीच केलेलं नाही, ते त्याच्या वाट्याला आलेलं आहे. दुसरा सुधारता येतो, आणि तो सुधारताना काय काय विचार करावा लागतो ते नीट पाहा.

आवड मोजता येत नाही, सराव मोजता येतो. म्हणून: ‘दहावीनंतर तुम्ही खेळाचा किंवा व्यायामाचा सराव केला आहे का?’ हेही ढिलं, कारण भरतीसाठी धावला नाही असा एकही जण प्रशिक्षणात नसतो. मग: ‘भरतीची तयारी सुरू करण्याच्या आधी, कोणत्याही एका खेळाचा, व्यायामाचा किंवा अंगमेहनतीच्या कामाचा, मध्ये दोन आठवड्यांपेक्षा मोठा खंड न पडता, जास्तीत जास्त किती महिने सराव केलात?’ पर्याय: केला नाही, ३ महिन्यांपर्यंत, ३ ते ६, ६ ते १२, १२ पेक्षा जास्त. खाली एक ओळ: ‘काय, कुठे, कुणाच्या देखरेखीखाली ते लिहा.’ ही शेवटची ओळ गुणांसाठी नाही. तपशील लिहावा लागणार म्हटल्यावर थापा कमी होतात, तेवढ्यासाठीच ती. आणि ‘अंगमेहनतीचं काम’ हे दोन शब्द मुद्दाम घातलेत, त्याचं कारण पुढे येईल.

याच धर्तीवर शिपाई प्रशिक्षणासाठी विचारण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. ठरलेल्या वेळेला हजर राहावंच लागेल असं काम सलग किती महिने केलं. कारखाना, दुकान, सुरक्षा रक्षक, होमगार्ड, काहीही. घराबाहेर, वेळापत्रक असलेल्या जागी, इतरांबरोबर एका खोलीत किती महिने राहिला. शेवटची तीन तासांची लेखी परीक्षा देऊन किती महिने झाले. मागच्या पाच वर्षांत सुरू करून अर्धवट सोडलेले अभ्यासक्रम आणि नोकऱ्या किती, आणि प्रत्येक सोडण्याचं कारण काय. दुसऱ्यांच्या कामाची जबाबदारी कधी अंगावर होती का: गणेश मंडळाचा हिशेब, कबड्डी संघाचं कप्तानपद, टोळीचा मुकादम, घरच्या आजाऱ्याची दवाखान्याची ये-जा. नडगी, गुडघा, घोटा यांची दुखापत मागच्या बारा महिन्यांत झाली का, हेही विचारा. पण ते उत्तर वेगळ्या कागदावर घ्या आणि गुणांत धरू नका. बुटांवरची कवायत आणि धावणं एकदम वाढलं की नडगीची दुखणी उपटतात आणि आजारी रजेचा मोठा वाटा त्यात जातो. ही माहिती काळजी घेण्यासाठी आहे, वजाबाकीसाठी नाही.

गुण देताना सरळ रेषेचा मोह टाळा. वसतिगृहात शून्य महिने आणि बारा महिने यांत मोठा फरक पडतो; पाच वर्षं आणि दहा वर्षं यांत जवळजवळ पडत नाही. नोकरीचंही तसंच. दीड वर्ष एका जागी टिकलेला आणि दीड वर्षात सहा जागा बदललेला यांचे एकूण महिने सारखे भरतील, माणसं सारखी नसतात. म्हणून पर्यायांना ०, १, २ असे गुण द्या आणि तेही विचाराने ठरवा. पाच-सहा अनुभवी निदेशक आणि कायद्याचे शिक्षक गाठा, प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारा: मागच्या सत्रात पहिल्या दोन महिन्यांत कोण गडबडला आणि नेमकं काय करताना? आणि कोण अपेक्षेपेक्षा चांगला निघाला? नावं घेऊ नका, प्रसंग घ्या. प्रत्येक प्रश्नामागे असा एक तरी खरा प्रसंग असला पाहिजे. नसेल तर तो प्रश्न कशासाठी आहे, ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

आता पन्नास प्रश्न आणि १२० माणसं, या हिशेबाबद्दल. तुमचा बेत असा दिसतो की सगळं विचारायचं, मग वरच्या आणि खालच्या गटाची उत्तरं ताडून ‘चालणारे’ प्रश्न निवडायचे. समजा, वरचे ४० आणि खालचे ४० घेतले. नियमित नोकरीच्या प्रश्नाला वरच्यांत २६ ‘हो’, खालच्यांत १६ ‘हो’. म्हणजे ६५ टक्के आणि ४० टक्के. पंचवीस टक्क्यांचा फरक, दिसायला दणदणीत. पण एवढ्या लहान गटांत या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुना लहान असल्याने आकडा सहज इकडेतिकडे होण्याचं माप, जवळपास ११ टक्के येते, म्हणजे खरा फरक ४ पासून ४६ पर्यंत कुठेही असू शकतो. हा एका प्रश्नाचा हिशेब. पन्नास प्रश्नांना चार-चार पर्याय धरले तर दोनशे तुलना झाल्या. पाच टक्क्यांच्या कसोटीवर (खरा फरक नसतानाही शंभरांत पाच वेळा फरक दिसतो, एवढी चूक चालवून घेणारी) त्यातल्या दहाएक निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरतील. तुम्ही नेमक्या त्याच उचलणार, त्यांची बेरीज करणार, आणि त्याच १२० जणांवर ती लावून झकास सहसंबंध काढणार.

हा सापळा अमेरिकेतल्या एका मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये फार मजेशीर रीतीने दाखवला होता. त्याने २९ विद्यार्थ्यांचे गुण घेतले आणि प्रत्येकाच्या नावाने ८५ चकत्या नुसत्या उधळल्या. कोणती चकती कुणासाठी सुलटी पडली ते टिपलं, गुणांशी जुळणाऱ्या चकत्या निवडल्या, आणि त्याच विद्यार्थ्यांवर त्यांची ‘चाचणी’ लावली. सहसंबंध ०.८२ आला. चकत्यांना विद्यार्थ्यांबद्दल काय ठाऊक असणार! तुमच्या मार्गदर्शकांनी ०.६ किंवा ०.७ चा आकडा पाहून पाठ थोपटली तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा. ज्या गटावर गुणतक्ता (कोणत्या उत्तराला किती गुण याची यादी) बनवला त्याच गटावर तो तपासायचा नसतो, ही या विषयातली पहिली अट आहे. अर्ध्यावर बनवा आणि अर्ध्यावर तपासा म्हणावं, तर तुमच्याकडे तेवढी माणसं नाहीत. ८० वर बनवून ४० वर तपासलं आणि ०.३० आला, तर त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता आहे तो पट्टा, शून्याच्या किंचित खालपासून ०.५६ पर्यंत पसरते. त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

म्हणून माझा सल्ला: निकाल पाहून प्रश्न निवडण्याची वाट सोडा. पन्नासचे बारा करा, गुण आधी ठरवा, आणि तो गुणतक्ता तारीख घालून बंद पाकिटात मार्गदर्शकांकडे द्या. निकाल हाती येण्याआधी. मग सगळे १२० जण तपासणीलाच वापरता येतात. तेव्हा ०.३० आला तर मर्यादा ०.१३ ते ०.४५ अशी पडते. लहान आकडा आहे, पण तुमचा स्वतःचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवणं बरं, नाहीतर निकाल पाहून निराश व्हाल. तुम्हाला भेटणारे सगळे मैदानी चाचणीतून आलेले असतील. पुरुषांना १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. या पन्नास गुणांत मागे पडलेला तुमच्या नमुन्यात नसणारच. त्यामुळे शारीरिक सवयींचे प्रश्न आउटडोअरच्या निकालाशी फिके जुळतील. तो प्रश्नाचा दोष नाही. ज्यांच्यात फरक होता ते आधीच गळून गेले आहेत. निष्कर्षात हे स्पष्ट लिहा. याउलट सोडून गेलेले आणि मागे टाकलेले लोक मात्र माहितीतून निसटू देऊ नका. शेवटच्या पेपराला हजर असलेल्यांचीच यादी घेतली तर ज्यांच्यासाठी अभ्यास होता तेच गायब होतात. म्हणून पत्रिका पहिल्या आठवड्यात भरून घ्या आणि पहिल्या दिवशीच्या हजेरीपटावरचा प्रत्येक जण शेवटी कुठे गेला, याचा हिशेब ठेवा.

भरतीतच पत्रिका लावायला माझा विरोध का, तेही आकड्यांतच सांगतो. समजा शंभरांत पाच जण खरोखर अडकतात. तुमच्या पत्रिकेचा निकालाशी सहसंबंध ०.३० आहे आणि तिच्यावर सर्वांत खालचे वीस जण तुम्ही ‘धोक्याचे’ म्हणून बाजूला काढलेत. ढोबळ हिशेबाने त्या विसांत अडकणारे दोन निघतील. उरलेले अठरा नीट पार पडले असते. शिवाय अडकणारे तीन बाहेरच्या ऐंशींत असतील ते वेगळेच. दोन जणांसाठी अठरा जणांची नोकरी घालवायची, असा हा सौदा आहे. त्याच विसांना पहिल्या दोन महिन्यांत संध्याकाळचा जादा अभ्यास, धावण्याचा भार हळूहळू वाढवणं आणि आठवड्याला एकदा विचारपूस एवढं दिलं, तर चुकून निवडलेल्या अठरांचं काहीच बिघडत नाही. साधन तेच, चूक तेवढीच. पण चुकीची किंमत कोण भरतो, यावर ते कुठे वापरायचं हे ठरतं.

दुसरं कारण न्यायाचं. नाशिक जिल्ह्यात हे नकाशावरच दिसतं. एन.सी.सी.चं प्रमाणपत्र, शालेय क्रीडा स्पर्धा, जिम, स्पर्धा परीक्षेचा क्लास हे नाशिक शहरातल्या, फार तर निफाड-सिन्नरच्या मुलाला मिळू शकतं. सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळेतल्या मुलाच्या कॉलेजात एन.सी.सी. नसेल तर त्याने ती ‘केली नाही’ याचा अर्थ काय लावायचा? तोच मुलगा ऑक्टोबर छाटणीला टोळीबरोबर दिंडोरीच्या द्राक्षबागांत महिना-महिना राबलेला असतो, पहाटे उठून, मुकादमाच्या शब्दावर. वेळेची सवय, अंगमेहनत, परक्या जागी गटात राहणं, सगळं त्यात आहे. तुमच्या पत्रिकेत त्याला रकाना नाही एवढंच. ‘अंगमेहनतीचं काम’ हे शब्द त्याच्यासाठी होते. प्रत्येक प्रश्नाला ही कसोटी लावा: कळवणच्या शेतमजुराच्या मुलीला आणि नाशिक शहरातल्या कॉलेज रोडच्या मुलाला, दोघांनाही यात पूर्ण गुण मिळवण्याची वाट आहे का? नसेल तर प्रश्न बदला, नाही बदलता आला तर काढा.

जात, धर्म, पत्ता, जमीन, भावंडं, वैवाहिक स्थिती यांना गुण नकोतच. जुन्या परदेशी पत्रिकांत अशा गोष्टी सर्रास असत. १९७० च्या दशकात अमेरिकेत चोरी करणारा कर्मचारी ओळखण्यासाठी बनवलेल्या एका पत्रिकेत ‘डेट्रॉइट शहरातला पत्ता’ हा धोक्याचा घटक निघाला होता. आकड्यांत तो बसलाही असेल. पण त्या शहराच्या वस्तीची घडण पाहता पत्त्याच्या आडून वंश मोजला जातोय, अशी टीका लगेच झाली आणि ती रास्त होती. आपल्याकडे तालुका विचारला की तेच होतं. जात-तालुका वेगळ्या कागदावर जरूर नोंदवा, पण ते फक्त शेवटी तपासायला: पत्रिकेमुळे एखाद्या गटाचे गुण विनाकारण खाली जातात का, एवढंच.

थापांबद्दल फार काळजी तुमच्या टप्प्यावर नको. प्रशिक्षणात आलेल्याला पत्रिकेतून मिळवायचं काही नसतं, तो बऱ्यापैकी खरं लिहितो. उमेदवार मात्र लिहिणार नाही. हे प्रश्न उद्या भरतीत आले तर पुढच्या भरतीपर्यंत शहरातल्या अकॅडम्यांत त्यांची ‘आदर्श उत्तरं’ पाठ करून घेतली जातील. म्हणून प्रशिक्षणार्थींवर मिळालेला आकडा उमेदवारांवर तसाच येईल असं लिहू नका. पडताळता येईल त्याला जास्त वजन द्या: शाळा सोडल्याचा दाखला, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी, होमगार्डचं प्रमाणपत्र. द्राक्षबागेच्या कामाचा कागद नसतो, हे खरंच आहे. तिथे ‘कुणाला विचारलं तर सांगेल?’ एवढी एक ओळ चालते.

भरून घेण्याच्या पद्धतीवर मात्र बरंच अवलंबून आहे. गणवेशातला निदेशक वर्गात उभा असताना घेतलेली संमती ही संमती नव्हे. पत्रिका तुम्ही किंवा संस्थेबाहेरच्या माणसाने वाटायची. ‘नाही भरायची’ म्हणणाऱ्यानेही कोरा कागद त्याच पाकिटात टाकायचा, म्हणजे कोण भरत नाही ते दिसत नाही. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, आणि क्रमांक-नावाची यादी संस्थेच्या कार्यालयात नाही, तुमच्या मार्गदर्शकांच्या कपाटात. ३० जणांकडून दोन आठवड्यांनी तीच पत्रिका पुन्हा भरून घ्या. दहांतली नऊ तरी उत्तरं जुळली पाहिजेत; ज्या प्रश्नाची जुळत नाहीत त्याची भाषा संदिग्ध आहे, असं मी समजतो. बहुतेक वेळा ‘नियमित’, ‘बऱ्याचदा’, ‘अलीकडे’ असले शब्द तिथे सापडतात.

आणि एकदा जमलेला गुणतक्ता कायमचा नसतो. अमेरिकेतल्या एका कंपनीत कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी बनवलेल्या अशाच पत्रिकेचा सहसंबंध १९५० च्या दशकात पाच वर्षांत ०.७४ वरून ०.०७ वर आला होता. कामगार बाजार बदलतो, अर्जदार बदलतात, अभ्यासक्रम बदलतो. तुमच्या प्रबंधातल्या शिफारशीत ‘दर सत्राला पुन्हा तपासावी’ हे वाक्य असलंच पाहिजे.

परवानगीच्या अर्जात ‘निवड’ हा शब्द वापरू नका. ‘प्रशिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात कोणाला मदत लागेल याचा अभ्यास’ असं लिहा. ते खरंही आहे, आणि संस्थाप्रमुखांना सही करायला सोपंही जातं. वैयक्तिक गुण संस्थेला दिले जाणार नाहीत हे त्याच अर्जात नमूद करा, नाहीतर प्रशिक्षण संपल्यावर कोणीतरी यादी मागेल आणि तेव्हा नाही म्हणणं अवघड होईल. पन्नासमधले बारा निवडलेत की इथेच टाका, सोबत प्रत्येक प्रश्नामागचा प्रसंग एका ओळीत द्या. त्यावर प्रश्नागणिक बोलता येईल.